चिखल्यांची जागा

"आये, फळीवरून ऊठ. भरती चढतेय."

गोदूबाई उठली नाही. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायच्या उघाडीच्या फळीवर ती फतकल मारून बसली होती. एकदा बसली की तिला उठवणं म्हणजे वडखळच्या नाक्यावर अडकलेला ट्रक हलवणं.

"चिखल्या बसल्याबिगर पानी घ्याचा नाय. तुज्या आज्यानं कंदी घेतला नाय."

"आज्याच्या वक्ताला पाऊस दसऱ्याला जायाचा. औंदा दिवालीत बी पडला. पाखरां वाट चुकली असतील, नायतर मेली असतील. त्यांच्यापायी आपन मरायचं?"

निकेशचं काही खोटं नव्हतं. कंपनीतून दोन दिवस सुट्टी काढून त्यानं आईबरोबर आगराची जमीन तुडवून घट्ट केली होती. आजची या उधाणाची शेवटची मोठी भरती. ती हुकली की अवसेपर्यंत आगर कोरडं. आधीच पावसानं हंगामाचा महिना खाल्ला होता. गोदूबाईला हे कळत होतं. पण चिखल्या, म्हणजे ती इवली करडी पाखरं, दूर उत्तरेतून येऊन बांधाबाहेरच्या चिखलात बसली की पाऊस सरला, हे तिनं चाळीस वर्षं पाहिलेलं. सकाळपासून तिचे डोळे तिकडेच होते.

"तो चिखल तरी कुटं ऱ्हायलाय?" निकेश ओरडला. "दरसाल खाडी वर येतेय. बग जरा!"

तिनं पाहिलं. भरतीतही उघडा राहायचा तो चिखलाचा उंचवटा औंदा पाण्याखाली होता.

आणि तेवढ्यात ती पाखरं आली. साठ-सत्तर असतील. पाण्यावर एक घिरटी, दुसरी, तिसरी. पाय टेकायला जागा नाही. शेवटी बांध ओलांडून सगळी थेट मिठागरात उतरली. एक तर गोदूबाईपासून चार हातांवर पोट टेकून बसलं, माणूस पाहूनही हललं नाही. तिला गलबलून आलं.

"आली ना? बसली ना?" निकेश हरखला. "आता तरी ऊठ!"

रीतीनं त्याचंच बरोबर होतं. गोदूबाई उठली. त्यानं फळीला हात घातला, तसं तिनं त्याचं मनगट धरलं.

"थांब. आजवर ती आपल्याला सांगाला यायची. आज बसाला जागा मागतायत."

"आन् आपला मीठ?"

"अवसेला घेऊ पानी."

निकेशनं बांधावरची टोपली लाथाडली. पाखरांना, पावसाला, आज्यालाही शिव्या घातल्या आणि पाच-सहा पावलं गेला. पण बाहेरचं पाणी आता फळीला भिडलं होतं. खालच्या फटीतून एक धार सुटली आणि पाखरांच्या दिशेनं निघाली. गोदूबाई वाकली. गुडघे तिला खाली जाऊ देईनात.

निकेश वळला, बांधाची माती ओंजळीनं उपसून फटीत दाबू लागला.

"हलूच," ती म्हणाली. "उडतील."

"म्हाईत हाय," तो दबक्या आवाजात म्हणाला.

भरती उतरेपर्यंत तो फळीला पाठ लावून बसला, अवसेची सुट्टी मागताना साहेबाला काय कारण सांगायचं याचा विचार करत.