प्रवेशाचं वय

पेरनने टॅमसिनच्या हातात एप्रन दिला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या डेन्झिलनेही हात पुढे केला.

"मामा, हा माझ्यासाठी आहे. तू पाहुणा आहेस."

"असू दे की," पेरन हसला आणि खुंटीवरून आणखी एक काढला.

टॅमसिनची विशेष शाळा या उन्हाळ्यात संपणार होती. पुढे काय, या विचाराने तिची आजी लव्हडे तिला ट्रुरो शहराजवळचं हे कॉलेज दाखवायला घेऊन आली होती. बेकरी, बागकाम, हॉटेलातली कामं. आधी इथे शिकायचं, मग बाहेर खऱ्या कामावर जायचं. पेरन बेकरी शिकवायचा. डेन्झिलला घरी एकटं ठेवता येत नसे, म्हणून तोही सोबत आला होता. तोही टॅमसिनसारखाच विशेष शाळेत शिकला होता. पण त्या काळी गावात शाळेनंतरचं काहीच नव्हतं. शेवटच्या दिवशी लव्हडेने मुलाला घरी आणलं आणि तो घरीच राहिला. आता त्याची दाढी पांढरी होत आली होती.

कॉलेजच्या मुलांबरोबर केशर घातलेले बनपाव करायचे होते. दोन वळून झाल्यावर टॅमसिन वैतागली.

"आजी, किती उकडतंय इथं! मी बाग बघून येते."

ती गेली. डेन्झिल गोळे वळत राहिला. एक लिंबाएवढा, दुसरा मुठीएवढा, सगळे एका बाजूला कललेले. घरी तो सारखा उठून खिडकीशी जायचा, रस्त्याकडे बघत राहायचा. त्याला गाड्या आवडतात, असं लव्हडे सगळ्यांना सांगायची. इथे त्याने एकदाही मान वर केली नाही.

"आई, ही मुलं उद्या परत येणार?"

"हो."

"परवा पण?"

"हो रे."

"मग मी का नाही आलो?"

"तेव्हा असलं काही नव्हतं, राजा."

त्याने मान डोलावली आणि पुढचा गोळा घेतला. लव्हडे पर्सचं बटण उगाच उघडत-लावत बसली.

पेरन ट्रे न्यायला आला.

"सर, मी सोमवारी येऊ?"

पेरन त्याच्या शेजारच्या स्टुलावर टेकला. "डेन्झिल, आम्हांला पंचवीस वर्षांपर्यंतच घेता येतं. नियम आहे तसा."

डेन्झिल पिठाने माखलेल्या बोटांकडे बघत राहिला.

"मी चोवीसचा आहे."

पेरनने लव्हडेकडे पाहिलं. आता आईच समजावेल, म्हणून तो थांबला.

लव्हडे उठली. दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी बाई ती. खोटं बोलल्याबद्दल तिने पोरांचे कान पिळले होते. तिने रुमालाने डेन्झिलच्या दाढीवरचं पीठ पुसलं. पांढरं काही सगळं गेलं नाही.

"चोवीस," ती म्हणाली. "ऑक्टोबरात पंचवीस पूर्ण होतील."