दूध गार होईपर्यंत

तुर्सुनायनं दुधाची बाटली थंड पाण्याच्या पातेल्यात उभी केली आणि मगच दाराकडे वळून पाहिलं.

"तिथंच थांब. बाळाला चाळीस दिवस व्हायचेत अजून. बाहेरच्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही."

झूरानं बुटातून काढलेला पाय परत बुटात घातला. आत तुर्सुनायचा नातू रडत होता. रडण्यात जोर नव्हता, आणि झूराला तेच खटकलं. घसा फोडून रडणाऱ्या पोराची तिला कधी भीती वाटत नसे.

"बरं, एजे. इथूनच बोलते," झूरा म्हणाली. वयानं मोठ्या बाईला गावात एजेच म्हणत.

"बोलायचंय काय त्यात? गाईचं दूध निम्मं पाणी घालून उकळलंय. गार झालं की पाजणार. तोवर बोल काय बोलायचं ते."

बाळ चौदा दिवसांचं होतं आणि जन्मलं तेव्हापेक्षा तीनशे ग्रॅमनं हलकं भरलं होतं. शुक्रवारपर्यंत वजन वाढलं नाही तर घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, असं गावातल्या नर्सनं सांगितलं होतं, आणि घाटात बर्फ पडत होता. म्हणून नर्सनं सकाळी झूराला निरोप धाडला. झूरा काही डॉक्टर नव्हती. शाळेत स्वयंपाक करायची. सहा वर्षांपूर्वी शहरात आठ दिवसांचं शिक्षण घेऊन आली, तेव्हापासून बाळंतिणींना अंगावर पाजायला शिकवत दारोदार फिरायची, तेही फुकट. नवऱ्याच्या मते तिला घरात काम उरलं नव्हतं.

खिडकीपाशी तुर्सुनायची सून बेगिमाय पाळण्यावर ओणवी झाली होती. बाळ खांद्यापासून पायापर्यंत पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं होतं आणि पाळण्याच्या दांड्यावरून वाकून ती त्याच्या तोंडाशी छाती नेत होती. छाती पुरती पोचत नव्हती. बाळाच्या तोंडात नुसतं टोक येत होतं आणि सुटत होतं. झूराची नजर तिच्या पायांकडे गेली. मोज्यांच्या आत बोटं आवळलेली होती.

"दुखतंय का गं?"

बेगिमायनं आधी सासूकडे पाहिलं. मग मान हलवून नाही म्हटलं.

"दूधच नाही तर दुखणार काय?" तुर्सुनाय म्हणाली. "दोन घराण्यांत मिळून एवढी वाळकी सून कुणी पाहिली नव्हती."

झूरानं पाळण्याखाली पाहिलं; बाळाचं मूत उतरावं म्हणून लावलेली नळी तिथल्या मडक्यात सुटत होती.

"एजे, पाळण्याखालचं मडकं जरा उजेडात धरता का?"

"मडकं कशाला?"

"नळीतून मूत किती उतरलंय ते बघते."

कुरकुरत का होईना, तुर्सुनायनं मडकं आणून दारात तिरकं केलं. तळाशी जेमतेम ओल होती, तीही गडद.  झूरानं चेहरा हलू दिला नाही.

"सकाळपासून दोनदाच," तुर्सुनाय हळूच म्हणाली.

म्हणजे हीसुद्धा मोजत होती. झूराला एकदम कळलं, ही बाई चिडलेली नाही, घाबरलेली आहे.

"त्याला पट्ट्यांतून सोडा. बांधून पाजता येतं, आपण सगळ्यांनी पाजलंय. पण तिचं पहिलंच आहे, आणि हा अजून मुठीएवढा. मान वळवता आली नाही तर त्याला तोंडभर धरता कसं येणार?"

"समारंभ करून पाळण्यात घातलाय. आता काढायचा? लोक काय म्हणतील?"

"लोकांना उंबऱ्याच्या आत कुठं यायचंय?"

तुर्सुनायनं पातेल्यात बोट बुडवून बाटलीला लावलं.

"अजून गरम आहे," ती पुटपुटली, आणि पट्ट्यांच्या गाठी सोडू लागली.

झूरानं पिशवीतून शिकवण्यासाठी केलेला नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, स्तन काढला. गोल, पांढरा, टोकाला तपकिरी लोकर शिवलेला.

"हे आणि काय?"

"माझ्याच मेंढीच्या लोकरीचं आहे."

"मेंढीला सांगितलंस का, काय केलंस तिचं ते?"

बेगिमाय फिस्सकन हसली आणि लगेच ओठ मिटले. त्या घरात तिचा आवाज झूरानं पहिल्यांदाच ऐकला.

"पोटाला पोट लावून धर, पोरी. तू वाकू नकोस, त्याला तुझ्याकडे आण. नाक टोकासमोर. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं." तिनं मूठ बाळासारखी धरून नमद्यावर दाखवलं. स्वतः दोन पावलांवर असून हात लावता येत नव्हता, याचा तिला भयंकर राग आला. "एजे, तिच्या पाठीशी उशी द्या. तुमचा हात त्याच्या पाठीवर."

पहिल्यांदा बाळानं तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा टोकच धरलं आणि बेगिमाय कळवळली. बाळ निळसर ओठांनी किंचाळलं आणि थकून गप्प झालं. ते गप्प होणं तिघींनाही सहन झालं नाही.

"पुरे," तुर्सुनाय म्हणाली. तिनं हात लांब करून बाटली उचलली, गालाला लावली. "गार झालंय."

"एकदा, एजे. एकदाच. तुमचा तळवा डोक्यावर होता. डोकं दाबलं की पोर मागं ढकलतं. मानेखाली, खांद्यांच्या मध्ये धरा."

बाटली हातात धरून तुर्सुनाय उभी राहिली. बेगिमायनं मान वर केली नाही, पण तिनं सासूच्या परकराचं टोक धरलं होतं.

बाटली पुन्हा पातेल्यात गेली.

या वेळी तुर्सुनायनं तळवा बाळाच्या मानेखाली, खांद्यांच्या मध्ये ठेवला. बाळानं जांभई द्यावी तसं तोंड उघडलं आणि झूरानं 'आता' म्हणायच्या आत तुर्सुनायच्या हातानं त्याला अलगद पुढं आणलं. हनुवटी रुतली. गाल फुगले. मग एक घोट ऐकू आला. थोड्या वेळानं दुसरा. तुर्सुनायनं कान खाली नेला आणि तसाच ठेवला.

"आपा," बेगिमाय सासूला म्हणाली, "दुखत नाहीये."

तिच्या पायाची बोटं सुटली होती.

झूरा दाराच्या चौकटीला टेकली. "दर दोन तासांनी पाज, झोपला तर उठवून. मी उद्या सकाळी येते. मडकं असंच कोरडं दिसलं तर शुक्रवारची वाट बघायची नाही, मी स्वतः त्याला दवाखान्यात न्यायला गाडीत बसेन."

"भाकरीचा तुकडा मोडल्याशिवाय जाऊ नकोस," तुर्सुनाय म्हणाली. तिनं भाकरी आणि चहा आणून उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतः आतल्या बाजूला जमिनीवर बसली. 

"माझं दूध पाण्यासारखं आहे, असं सासूबाई म्हणायच्या," ती सुनेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली. "चारही पोरं गाईच्या दुधावर वाढवली. मीसुद्धा अशीच ओणवी व्हायचे. बोटं अशीच आवळायचे." तिनं मान वर केली. "पाण्यासारखं होतं का गं?"

झूरानं हातातली भाकरी खाली ठेवली. बाळंतिणीशी काय बोलावं हे तिला शिकवलं होतं. तीस वर्षं जुन्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"नव्हतं, एजे," ती म्हणाली. "तुमच्या उंबऱ्यापाशी कुणी आलं नाही, एवढंच."

तुर्सुनाय उठली. पाठमोरी होऊन तिनं बाटली पुसली. ती नको इतका वेळ पुसत होती. मग परत आली, बूच काढलं आणि झूराच्या चहात दूध ओतलं. उरलेलं स्वतःच्या कपात घातलं.

"निम्मं पाणीच आहे," ती म्हणाली. "चहाला चालेल."