चहा सांडलाच पाहिजे

अगं, तू फक्त ऐक! भिंगरी आहे ना, ती पाळण्यांची डिझाइनर, तिचा स्वतःचा पहिलावहिला गोल फिरणारा पाळणा त्या संध्याकाळी पार्कात सुरू व्हायचा होता. आणि तो पास की नापास, ते होतं तिच्या आत्याच्या हातात. म्हणजे आत्याच्या कपात!

त्यांच्या घरची रीतच तशी. आजोबांनी म्हणे कारखान्यातल्या एका फिरत्या चाकावर खुर्ची ठोकली आणि लहानग्या आत्याला बसवून गरगर फिरवलं. खालची जमीन उंचसखल, त्यामुळे खुर्ची मध्येच अशी काही हिसडा मारायची की आजोबांच्या हातातला चहा त्यांच्याच डोक्यावर! आत्या हसून हसून लोळली. त्यातूनच त्यांचा पहिला पाळणा झाला. तेव्हापासून नियम: जुना पाळणा बनवणाऱ्याने भरला कप घेऊन नव्यात बसायचं. चहा सांडला तर पास.

पण भिंगरी पडली हुशार! तिने खालचे उंचवटे घासून सपाट केले, प्रत्येक खुर्चीला ठरल्याप्रमाणेच वळवणारी वेगळी मोटर लावली. आता खुर्ची मनाला येईल तशी वळणार कशी?

आधीचा पाळणा आत्याचा, म्हणून भरला कप घेऊन आत्या बसली. भिंगरीने बटण दाबलं. पाळणा सुरू झाला, वेग वाढला, भिंगरीचा जीव टांगणीला. आणि आत्या? आरामात घोट घेतेय!

"आत्या, काही होतंय का गं?"

"होतंय की. झोप येतेय."

पार्कचे मालक खाली उभे. "काय हो, सांडला का?"

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात आत्याने तिच्याकडे पाहिलं, मान वळवली आणि कप हळूच स्वतःच्या मांडीवर उपडा केला. "अगं बाई गं! सांडला, सांडला!"

मालक टाळ्या पिटत म्हणाले, "झक्कास! संध्याकाळी उघडू या!"

खाली उतरताना आत्या कानात कुजबुजली, "भाजलं गं मला. आता तोंड बंद ठेव."

भिंगरीने ठेवलं म्हणतेस? छे! ती सरळ मालकांसमोर उभी राहिली. "आत्याने मुद्दाम सांडला. पाळणा नापास आहे. मोटरी काढते, उंचवटे परत बसवते, उघडायचं पुढे ढकला."

मालकांचा चेहरा पडला, आत्याने कपाळावर हात मारला. "गाढवे! माझी मांडी फुकट गेली ना!"

आता तू सांग, खरं खरं सांग हं, तुझी आत्या तुझ्यासाठी अशी भाजून घेऊन बसली असती, तर तू काय केलं असतंस?