वर केलेला अंगठा

"तो अंगठा आधी खाली करा," मी म्हणाले.

वॉर्डच्या दारात जिमचे सर उभे होते. एका हातात फळांची पिशवी आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर. समोर खाटेवर माझा धाकटा भाऊ, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. सरांना पाहून तो उठून बसायची धडपड करत होता. मला दोघांचाही राग आला, पण सरांचा जास्त.

भाऊ जन्मापासून बहिरा. फर्निचरच्या कारखान्यात दिवसभर उभा राहून पॉलिश करतो. तो जिमला जायला लागला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. तिथे गाणी इतकी मोठ्यानं लावतात की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणजे आरशासमोर सगळे सारखेच. शेजारी बँकेतले एक गृहस्थ असायचे. ते जेवढं वजन उचलतील त्याहून थोडं जास्त उचलल्याशिवाय भावाला चैन पडायची नाही. बँकवालेही आरशातून चोरून याच्याकडेच बघायचे. दोघांनाही पार वेड लागलं होतं. सुट्टीला जिम बंद असली की दोघांची तोंडं उतरायची.

वेड सारखंच, पण वागणूक वेगळी. बँकवाले अंगात ताप घेऊन आले, तेव्हा सरांनी गाणी बंद केली, त्यांना बाजूला घेऊन समजावलं, त्यांच्या बायकोला फोन केला. माझा भाऊ लंगडत आला, तेव्हा सरांनी अंगठा वर केला. शिवाय त्याचा भलामोठा फोटो भिंतीवर लावला आणि खाली लिहिलं, 'याला जमतं, मग तुम्हाला काय धाड भरलीये?' भावानं तो फोटो मोबाइलवर काढून सगळ्या कारखान्याला दाखवला. ही शाबासकी आहे असं त्याला वाटत होतं. ऐकू येणाऱ्या आळशांना लाजवायला आपल्याला भिंतीवर टांगलंय, हे त्याला कोण सांगणार?

घरी मी हातवारे करून करून भांडले. पण आमच्या घरात त्यानं डोळे मिटले की भांडण तिथेच संपतं. पुढे बोलायचं कुणाशी? मी उड्यांची दोरी लपवली, तर त्यानं कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेतली. वरच्या खोलीत दार लावून उड्या मारायचा आणि खाली माझ्या शिलाई मशीनवर छताचा चुना पडायचा. उड्यांचा आवाज होतो हे त्याच्या गावीही नव्हतं. मी झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची. तळपायांना कळलं की तो थांबायचा, आणि मी मशीनवर बसले की पुन्हा सुरू व्हायचा.

शेवटी मी जिममध्येच गेले. त्याची नडगी सुजली आहे, त्याला थांबवा, म्हटलं. सर हसले. त्याची जिद्द बघून आमच्या डोळ्यांत पाणी येतं ताई, तुम्ही त्याला मागे खेचू नका, म्हणाले. वर हेही म्हणाले की नडगी दुखली तर व्यायाम ताबडतोब बंद करा, असं ते रोज सगळ्यांना बजावतात.

"त्याला कसं बजावलंत?" मी विचारलं.

"त्याला..." सरांनी डोकं खाजवलं. "तो बघून बघून शिकतो ना सगळं."

त्यानंतर काही दिवसांतच तो उड्या मारता मारता कोसळला. हाडाला जुनी चीर होती, आता हाड पार मोडलं होतं. पाय पहिल्यासारखा होईल का, दिवसभर उभं राहता येईल का, याबद्दल डॉक्टर काहीच बोलायला तयार नव्हते. कारखान्याला बसून काम करणारा माणूस नको आहे.

आता वॉर्डच्या दारात सरांनी अंगठा खाली केला. मग त्या रिकाम्या हाताचं काय करावं ते त्यांना कळेना.

"माझ्या भावाशी बोलायला तुम्हाला एवढा एकच शब्द येतो," मी म्हणाले. "तो त्याच शब्दासाठी मरत होता."

सर खाटेजवळ आले. मग हळूच म्हणाले, "दुखतंय का, हे कसं विचारायचं?"

मी दाखवलं. पायाकडे बोट करायचं, दोन बोटं चिमटीसारखी जुळवून झटकायची, भुवया उंचावायच्या. सरांनी पिशवी खाली ठेवून तसं केलं. बोटं अवघडली होती, पण प्रश्न बरोबर होता.

भाऊ त्या हाताकडे बघतच राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ दाताखाली होता. त्यानं जोरानं नकारार्थी मान हलवली. हसला. स्वतःचा अंगठा वर केला.

सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायला बोटं जुळवली, तेवढ्यात त्यानं डोळे मिटून घेतले. अंगठा तसाच वर होता.