मोरपिसांचा कुंचा आणि माझा गाल

डोकमर्डीतल्या त्या फ्लॅटच्या जिन्यावर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. आत विजयामाई मोरपिसांचा कुंचा भक्तांच्या चेहऱ्यावरून फिरवत आणि सुरकुत्या भरून येत. मी विज्ञानाचा शिक्षक. भोंदूंच्या चलाख्या उघड करायला तीस वर्षं मुलांसमोर लिंबातून रक्त काढलं, जिभेवर कापूर जाळला. माईंचा भांडाफोड करायला जातोय, असं मी बायकोला, मंगलाला सांगितलं. खरं म्हणजे निवृत्तीचा फोटो पंधरा दिवसांवर आला होता आणि नाकाशेजारच्या घड्या मला छळत होत्या.

माईंनी गालांना गार विभूती चोळली, डोळे मिटून नामजप करायला सांगितलं. मी मिटले. नंतर आरशात पाहिलं तर घड्या गायब. शाळेत झाडलोट करणाऱ्या आक्काबाईला मी आपणहून सांगितलं, लग्नाआधी तुझ्या चंदाला माईंकडे घेऊन जा, पोरीच्या गालावरचे खड्डे बुजतील.

दुपारी उजवा गाल पांढराफटक पडून ठणकू लागला. फोनवर माई म्हणाल्या, ग्रह निघतोय, हात लावू नका. मी गुणी बाळासारखा बसून राहिलो. शेवटी मंगलानेच ओढत माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे, डॉक्टर धनश्रीकडे नेलं.

तिने गाल नखाने दाबून सोडला. रक्त परत येईना.

"सर, घड्यांत जेल टोचलंय, त्याने रक्तवाहिनी तुंबलीय. आम्हीही टोचतो, पण आधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघतो, अगदी हळू सोडतो, कातडीचा रंग बघत राहतो. यात कातडी मरते, कधी डोळाही जातो."

ती जेल विरघळवणारं इंजेक्शन देत राहिली. विभूतीत बधिर करणारं मलम असणार, म्हणाली. मग तिने विचारलं, टोचताना तुम्ही काय पाहिलंत? "डोळे मिटले होते," मी म्हणालो.

आक्काबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमना ग्रहच जड व्हई, सर."

पुढच्या गुरुवारी काळानिळा गाल घेऊन मी मायलेकींच्या मागून आत घुसलो. चंदाला विभूती लागली होती, तिच्या पापण्या मिटत होत्या.

"चंदा, डोळे उघड," मी म्हणालो. "आता माईंनी कुंचा फिरवावा."

माईंचा हात थांबला. उघड्या डोळ्यांनी देव कोपतो, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. आक्काबाईने माझा गाल नीट पाहिला आणि माईंच्या हातातून कुंचा हिसकावला. पिसांच्या मधोमध दोऱ्याने बांधलेली सिरिंज होती.

निरोपाच्या फोटोत माझी घडीही आहे आणि डागही. मुलांना शेवटचा धडा एवढाच दिला. कोणी डोळे मिटायला सांगितलं तर आधी का ते विचारा, आणि सुई फक्त शिकलेल्या डॉक्टरच्या हातून घ्या. माझ्या शब्दावरही विश्वास ठेवू नका, माझा गाल बघा.