गुरुवारी घरी आलेल्या दादासाठी

मित्रांनो, चर्चच्या कौलांवर चौदा पावसाळे गंज खात बसलेला मी लाउडस्पीकरचा एक जुना कर्णा आहे. एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवले आणि खेचराच्या पाठीवरून मी कोलंबियातल्या या डोंगरगावात आलो. कुणाचे गाढव हरवले, कुणाकडे डुक्कर कापले, कोण देवाघरी गेले, सारे माझ्याच तोंडून कळे. याच्या पोटात काही म्हणून राहत नाही, असे बायका हसून म्हणत. मला ते कौतुकच वाटे.

पुढे डोंगरात बंदुका आल्या आणि मोठी माणसे मुकी झाली. तेव्हा शाळेच्या सिस्टर ओदिलियांनी प्रत्येक मुलाकडून एकेक ओळ मागून घेतली आणि स्पॅनिशमध्ये शांतीचे गाणे रचले. 'आमची शाळेची वाट आम्हाला परत द्या,' ही ओळ नऊ वर्षांच्या निदियाची. दर रविवारी प्रार्थनेनंतर मुले गात, मी ते टेकडीपलीकडे पोचवी.

आमच्याकडे एक रीत होती. कुणाच्या तरी नावाने अर्पण केल्याशिवाय गाणे माझ्यातून जात नसे. एका रविवारी अर्पणाची पाळी निदियाची होती. बंदूकवाल्यांनी ओढून नेलेला तिचा भाऊ एलिएसेर नुकताच पळून आला होता, घरच्या माळ्यावर लपला होता. कुणाला सांगायचे नाही, असे आईने बजावले होते. पण गाणे अर्पण करणे म्हणजेही सांगणे, हे त्या लेकराच्या ध्यानी आले नाही.

"हे गाणं माझ्या दादासाठी," ती म्हणाली. "तो गुरुवारी घरी आला."

मी ते शब्द नेले. मला दुसरे काही येतच नव्हते.

ऊन उतरायच्या आत ते लोक आले आणि एलिएसेरला घेऊन गेले. तो पुन्हा दिसला नाही.

निदिया गायची थांबली. तिची आई तिला म्हणाली, "गा बयो. चूक तुझी नाही. लेकराचं गाणं ऐकून ज्यांनी आपलं दार शोधलं, त्यांची आहे." निदियाने ओठ उघडले, पण सूर आला नाही. गावाने भिऊन माझी तार काढली. माझा गावावर राग नाही.

मित्रांनो, मला रंग नको, तेलपाणी नको. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा मुलांना निर्भय गाता येईल एवढे पाहा. आणि तुमच्या वर्गात एखादी मुलगी गाण्याच्या तासाला गप्प राहत असेल, तर तिला कारण विचारू नका. तिच्याशेजारी बसून तुम्ही गा, हळू आवाजात.