मेरिट आम्हालाच काहून विचारता?

स्टाफरूममध्ये चहा आला की सोमेश्वर सरांना मेरिट आठवायचं. पेपरात कुठं पूल खचल्याची बातमी असली की म्हणायचे, "कोट्यातले इंजिनिअर, दुसरं काय!" बाकीचे हसायचे. प्रियदर्शनी तेवढी मान खाली घालून वह्या तपासायची.

ती कुरुंद्याच्या बौद्ध घरातली. वडील कोंडीबा दुसऱ्यांच्या शेतावर हळद शिजवत राबले. शिक्षक भरतीची परीक्षा देऊन, अनुसूचित जातीच्या जागेवर ती वसमत तालुक्यातल्या या खासगी संस्थेच्या शाळेत गणित शिकवायला आली होती. नवी नोकरी, भांडण नको म्हणून गप्प राहायची.

एका दुपारी मुख्याध्यापक देविदास सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, उद्यापासून दहावीचं गणित सोमेश्वर सर घेतील. तुम्ही पाचवी घ्या."

"काहून सर? माझं काही चुकलं?"

"तसं न्हाई. पण पालक म्हणायलेत, बोर्डाचं वर्ष आहे, मेरिटचा माणूस पाहिजे."

"माझा तास कुणी बघितला?"

सोमेश्वर सर हसत म्हणाले, "मनावर घेऊ नका मॅडम. लेकरांचं नुकसान नको, एवढंच. शेवटी मेरिट ते मेरिट."

प्रियदर्शनीनं हातातली वही मिटली. ती उभी राहिली.

"व्हय, मी आरक्षणातून आले! लपवत न्हाई. परीक्षा दिली, मुलाखत दिली, बाहेर दुसरेही उमेदवार बसले होते. तुमच्या मुलाखतीला किती जण होते, सर?"

"ते आता जुनं झालं..."

"किती होते?"

"मी... एकटाच होतो."

"अन् समोर कोण बसलं होतं?"

सोमेश्वर सरांनी चहाचा कप पुढं ओढला. कोपऱ्यातून जुन्या ग्रंथपाल रुख्मिणीबाई म्हणाल्या, "संस्थेचे अध्यक्ष. याचे सख्खे मामा."

"म्हणजे मामाचा कोटा ते मेरिट, अन् घटनेनं दिलेला हक्क ती भीक! हा कुठला हिशेब? माझ्या आज्याला गावकीच्या कामाला जुंपलं, त्याच्या हातात पाटी येऊ दिली न्हाई. आता त्याची नात खडू धरती, तर तिला विचारता, लायकी आहे का? मी वाईट शिकवत असेन तर वर्गात येऊन बसा, चूक दाखवा. पण जात बघून मार्क देऊ नका!"

रुख्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या, "सोमेश्वर, तू वाईट शिकवतोस असं कुणी म्हणत न्हाई. पण तुला शिकवायची संधी आधी मिळाली, पारख नंतर झाली. हिला मात्र रोज नवी परीक्षा!"

सोमेश्वर सर चहा तसाच ठेवून निघून गेले. देविदास सर म्हणाले, "शनिवारी पालकसभा आहे, तवर वर्ग मॅडमकडेच राहू द्या."

शनिवारी पालकसभा भरली. उत्तमसिंग नावाचे पालक उठले. "आमच्या पोरीला गणिताला सोमेश्वर सरच पाहिजेत. मेरिटवाले!"

सोमेश्वर सर उभे राहिले. रुख्मिणीबाईंचं बोलणं त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. "उत्तमसिंगभाऊ, मला मामांनी घेतलं. दुसऱ्या कुणाला बोलावलंच नव्हतं. मॅडमचा वर्ग काढू नका. आधी तासाला बसून बघा."

"अहो, पण कोट्यातल्या बाई आहेत, हे तुमीच तर सांगितलं होतं!"

"व्हय, मीच. पारावर बसून मीच हे विष पेरलं. माझं चुकलं!"

देविदास सरांनी तिथंच आपला निर्णय मागे घेतला. दहावीचा वर्ग प्रियदर्शनीकडेच राहिला. बाहेर व्हरांड्यात सोमेश्वर सरांनी हात जोडले. ती म्हणाली, "बोललात, बरं केलं. पण माझा राग एवढ्यात जायचा न्हाई, सर." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

तिनं रागावू नये, असं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? बंधूंनो, भगिनींनो, गुणवत्ता जरूर मागा. पण ओळखीनं, नात्यानं, वारशानं मिळालेल्या खुर्चीलाही तोच प्रश्न विचारा. फक्त एकाच वस्तीतल्या माणसाला मेरिट विचारणं ही गुणवत्तेची काळजी नव्हे. ती जातच आहे, नवे कपडे घातलेली!